नऊशे सतरा चेंडू

या सदरात आम्ही सहसा ग्रंथ, भाषा आणि शाळा यांच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकीत नाही. या खेपेस मात्र वाचकांना क्रिकेटच्या मैदानावर न्यावयाचे आहे. ज्या भगिनींना या खेळाचा कंटाळा असेल त्यांनी एवढ्यात पान उलटू नये, अशी प्रारंभीच विनंती. विषय वरवर चेंडूफळीचा दिसला तरी आतून तो माणसांना कामे वाटून देण्याचा आहे; आणि त्या बाबतीत घर चालविणाऱ्या स्त्रीइतका अधिकार कोणा कर्णधाराचाही नसावा.

निमित्त घडले ते असे. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेसाठी आमच्या क्रीडाशिक्षकांनी सोळा मुलांच्या नावांची यादी सहीसाठी टेबलावर ठेवली. आम्ही सहज विचारले, ''यांत गोलंदाज किती?'' ते म्हणाले, ''सर, गोलंदाज एकच, पण हिरा आहे. बाकीचे त्याला हात लावतील.'' ''आणि शेवटची पाच नावे?'' ''ती यादी पुरी करायला.'' उत्तर प्रामाणिक होते. चुकीचेही म्हणता येत नव्हते, कारण आपल्याकडे बहुतेक याद्या अशाच पुऱ्या होतात. तथापि आमचे पेन कागदावर टेकले आणि तेथेच थांबले. आम्हांस एक जुना आकडा आठवला. तो आकडा म्हणजे नऊशे सतरा.

उज्जैन हे शिंद्यांचे आणि इंदूर होळकरांचे. संस्थाने विलीन होऊन इतकी वर्षे लोटली तरी आमच्या मागच्या पिढीच्या बोलण्यात ही सरहद्द अधूनमधून डोकावत असे. क्रिकेटच्या बाबतीत मात्र उज्जैनकर बिनशर्त होळकरांचे झाले होते. आमचे वडील ज्या श्रद्धेने कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर ही नावे घेत, त्या श्रद्धेने त्यांनी स्तोत्रे म्हटलेली आम्ही ऐकली नाहीत. आणि त्यात नवल नाही. १९४१-४२ पासून १९५४-५५ पर्यंतच्या चौदा हंगामांत या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला आणि आणखी सहा वेळा अंतिम सामना गाठला. मराठी राजाच्या आश्रयाने माळव्याच्या मातीत उभा राहिलेला हा संघ आपल्या लोकांच्या अभिमानाचा विषय होता आणि आहे.

पण नऊशे सतराचा आकडा त्या चार विजयांपैकी एकाचाही नाही. तो एका पराभवाचा आहे. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. सामन्याला दिवसांची मर्यादा नव्हती. निकाल लागेपर्यंत खेळत राहावयाचे. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, होळकरांनी ३६० आणि ४९२. विजय मर्चंट यांनी दुसऱ्या डावात २७८ काढल्या. होळकरांकडून मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके केली, आणि महायुद्धामुळे महू येथील लष्करी छावणीत येऊन पडलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. चारही डाव मिळून २०७८ धावा झाल्या, आणि होळकर संघ ३७४ धावांनी हरला.

फलंदाजांच्या या वैभवात एक माणूस दिसेनासा होतो. कर्णधार सी. के. नायडू यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हे लेगस्पिन आणि गुगली टाकीत. पहिल्या डावात त्यांनी ६४.५ षटके टाकली आणि सहा गडी बाद केले. दुसऱ्या डावात ८८ षटके टाकली आणि पाच गडी बाद केले. एकूण १५२ षटके आणि ५ चेंडू, म्हणजेच नऊशे सतरा चेंडू. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एका माणसाने याहून अधिक चेंडू टाकल्याची नोंद नाही. त्याच सामन्यात त्यांनी ४२८ धावा दिल्या, आणि तोही विक्रमच.

वडील ही कथा सांगत तेव्हा आम्हां मुलांचा ऊर भरून येई. केवढे सामर्थ्य! केवढी निष्ठा! थोरल्या भावाने चेंडू हातात दिला आणि धाकट्याने तो नऊशे सतरा वेळा टाकला! लक्ष्मणाचीच आठवण व्हावी. पुढे आम्ही स्वतः मुले सांभाळू लागलो तेव्हा याच कथेकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. त्या दोन डावांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या डावात १५३ धावांत सहा बळी, दुसऱ्यात २७५ धावांत पाच. पहिल्या डावात साधारण २५ धावांमागे एक गडी बाद होत होता, तेथे दुसऱ्यात ५५ धावा मोजाव्या लागल्या. माणूस तोच, विद्या तीच. परंतु पहिल्या डावाचा हात दुसऱ्या डावात शिल्लक राहिला नव्हता, असे म्हणावयास जागा आहे. कर्नलसाहेबांना दोष देण्याची आमची योग्यता नाही. समोर मर्चंट उभे ठाकले असता हातचा सर्वांत विश्वासू गोलंदाज कोण बाजूला ठेवील? आमचा प्रश्न इतकाच की, ज्याच्यावर आपला सर्वाधिक विश्वास असतो त्यालाच आपण सर्वांत अधिक का झिजवितो?

लगेच पुढच्या, म्हणजे १९४५-४६ च्या हंगामात याच संघाने जे केले तेही सांगितले पाहिजे. म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या आणि त्यात सहा जणांची शतके होती: भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. एका डावात सहा शतके हा विक्रम आजही उभा आहे. त्याच सामन्यात सरवटे यांनी एका डावात ६१ धावांत ९ बळी घेतले. त्या वर्षी होळकर संघाने करंडक प्रथमच जिंकला. एका खांद्यावरचे ओझे अनेक खांद्यांवर गेले की काय होते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

या बाबतीत अमेरिकेच्या बेसबॉल या खेळाकडे पाहण्यासारखे आहे. तो आपल्याकडे फारसा खेळला जात नाही; पण आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले आणि नातवंडे आज त्या देशात आहेत, त्यांनी तो पाहिला असेल. क्रिकेटमध्ये एका षटकानंतर दुसऱ्याने चेंडू टाकलाच पाहिजे. म्हणजे नियमच गोलंदाजाला थोडा श्वास घेऊ देतो. बेसबॉलमध्ये तसे नाही. चेंडू टाकणारा पिचर अखंड टाकीत राहतो. म्हणून त्याला कधी थांबवावयाचे, ही गोष्ट त्या खेळात शास्त्र होऊन बसली आहे. सुरुवातीचा पिचर साधारण शंभर चेंडूंच्या आसपास पोचला की त्याच्या जागी दुसऱ्याला आणतात. त्यानंतर त्याला चार-पाच दिवस विश्रांती मिळते. मैदानाच्या कडेला राखीव पिचरांसाठी एक स्वतंत्र आवार असते. तेथे ते हात गरम करून तयार राहतात. तेथील सर्वोच्च स्पर्धेत संघाच्या यादीत सव्वीस नावे असतात आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त तेरा. म्हणजे जवळजवळ निम्मी यादी एकाच कामासाठी! शिवाय एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. आणि २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नव्या पिचरने निदान तीन फलंदाजांना तोंड दिले पाहिजे किंवा तो डाव संपविला पाहिजे. तेव्हा कोणाला केव्हा आणावयाचे हा निर्णय घाईत घेऊन भागत नाही. आजचा सामना जिंकण्यासाठी सगळे हात खर्च केले तर उद्या कोण, हा हिशेब व्यवस्थापकाला रोज रात्री मांडावा लागतो.

हे शहाणपण तेथेही एका दिवसात आले नाही. १८८४ साली प्रॉव्हिडन्स शहराच्या संघात रॅडबर्न नावाचा पिचर होता. त्याचा जोडीदार संघ सोडून गेला आणि उरलेल्या हंगामाचा बहुतेक भार या एकट्याने उचलला. त्या वर्षी त्याने पावणेसातशेच्या वर डाव टाकले आणि संघ अजिंक्य ठरला. त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. परंतु सकाळी केस विंचरण्यासाठी त्याचा हात वर जात नसे, असेही सांगतात. म्हणजे नऊशे सतरा चेंडूंची कथा प्रत्येक देशाला आपापल्या परीने लिहावी लागते. कोणी तिच्यापासून काही शिकतो, कोणी नुसती आरती ओवाळतो.

खरे पाहता आपल्याला हे शिकण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नव्हते. आपला खो-खो काय सांगतो? नवांपैकी आठ गडी बसलेले आणि एक धावतो. जो एकटाच धावून दमतो तो कच्चा खेळाडू. दम असतानाच नेमक्या जागी खो देतो तो पक्का. आणि बसलेला गडी विश्रांती घेत नसतो. तो चवड्यांवर सावध असतो, खो मिळताच उसळण्यासाठी. ''बसलेला गडीही खेळतच असतो,'' हे तत्त्व ज्या खेळाच्या मुळाशी आहे तो खेळ आपल्या अंगणात वाढला. आणि आपण मात्र राखीव खेळाडूची नावे यादी पुरी करण्यासाठी लिहितो!

येथे आम्हांस स्वतःच्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका दुसऱ्या गावी शिक्षक होतो आणि तेथील संघाची जबाबदारी आमच्याकडे होती. संघात पंधरा वर्षांचा एक वेगवान गोलंदाज होता. नियमाप्रमाणे एका सामन्यात एकाला जितकी षटके टाकता येतात तितकी आम्ही त्याला देत होतो. नियम मोडला असे कोणी म्हणू शकले नसते. परंतु नियम सामन्याची षटके मोजतो, दिवसांची मोजत नाही. सकाळी एक सामना, दुपारी दुसरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मधल्या वेळात फलंदाजांच्या सरावासाठीही चेंडू टाकावयाचा तो त्यानेच. तिसऱ्या दिवशी तो धावत येण्याची खूण गाठताना कमरेवर हात ठेवून चालत होता. आम्ही विचारले, ''थकलास का?'' तो म्हणाला, ''नहीं सर, अभी दम है.'' आम्हांस तेच ऐकावयाचे होते. आम्ही चेंडू त्याच्या हाती दिला.

आम्ही करंडक जिंकला. महिनाभराने डॉक्टरांनी सांगितले की, कमरेच्या मणक्याच्या हाडाला ताणाने बारीक तडा गेला आहे. वाढत्या वयात ही हाडे पुरती कठीण झालेली नसतात आणि वेगवान गोलंदाजीत नेमका तेथेच पीळ बसतो, हे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. विश्रांतीने दुखणे बरे झाले. पण तो वेग पुन्हा आला नाही. आज तो संसारी गृहस्थ आहे, दुकान चालवितो. भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याच्या मनात तक्रार नाही, आणि आम्हांस तेच अधिक बोचते. ''थकलास का?'' हा प्रश्न आम्ही विचारला होता, म्हणून आपले कर्तव्य झाले अशी आमची समजूत होती. वाचकहो, चांगला खेळाडू या प्रश्नाला ''हो'' असे कधीच उत्तर देत नाही. म्हणूनच तर तो चांगला असतो. थांबविण्याचा निर्णय त्याच्यावर सोपविणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या कोवळ्या पाठीवर टाकणे होय.

याच्या उलट चित्र आम्ही जून २०२२ मध्ये पाहिले. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेश आणि मुंबई यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. याच मैदानावर १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. पहिल्या डावात आघाडी घेऊनही शेवटच्या दिवशी त्यांचा संघ १५० धावांत कोसळला आणि कर्नाटकाकडून हरला. तेवीस वर्षांनी ते पुन्हा तेथे उभे होते. या खेपेस आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे बिनीचे दोन खेळाडू भारतीय संघाबरोबर असल्यामुळे उपलब्ध नव्हते. मुंबईच्या पहिल्या डावात सर्फराझ खानने १३४ धावा केल्या आणि मुंबई ३७४ पर्यंत पोचली. हंगामभर मध्य प्रदेशाची मदार ज्याच्यावर होती त्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजास, कुमार कार्तिकेयला, या डावात एकच बळी मिळाला. पण गौरव यादवने चार, अनुभव अगरवालने तीन आणि सारांश जैनने दोन गडी टिपले. मुख्य हात चालला नाही त्या दिवशी बाकीचे तीन हात चालले! पुढे यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांच्या शतकांनी संघ ५३६ वर गेला. आणि मुंबईच्या दुसऱ्या डावात तोच कार्तिकेय चार बळी घेऊन उभा राहिला. २६ जून रोजी मध्य प्रदेशाने सहा गडी राखून सामना जिंकला. होळकरांच्या नंतर माळव्याच्या माणसाने हा करंडक पहिल्यांदाच आपला म्हटला. मैदानावर पंडित यांचे डोळे भरून आलेले सर्वांनी पाहिले. वडील असते तर त्यांचेही भरले असते.

या सगळ्याचे सार आमच्या क्रीडाशिक्षकांना आम्ही असे सांगितले. प्रत्येक गोलंदाजाच्या नावाची एक वही करावी आणि तीत सामन्याचेच नव्हे तर सरावाचेही चेंडू लिहावेत. हाडांना सराव आणि सामना हा भेद कळत नाही. किती षटकांनंतर थांबवावयाचे हे सामन्याच्या आदल्या दिवशी शांत डोक्याने ठरवावे, कारण मैदानावर डोके शांत नसते. पाऊल आखूड पडू लागले, खुणेकडे परतणे मंदावले, की उशीर झालाच असे समजावे. दुसऱ्या फळीच्या गोलंदाजाला सामना हातचा गेल्यावर किंवा खिशात आल्यावर नव्हे, तर रंगात असताना चेंडू द्यावा. ज्याला कसोटीची वेळ कधी दिलीच नाही तो कसोटीच्या वेळी उतरला नाही म्हणून दोष कोणाचा? आणि ज्याच्या हातून चेंडू काढून घ्यावयाचा त्याला चार शब्द सांगून काढून घ्यावा. विश्रांती ही शिक्षा वाटू लागली की मुले दुखणे लपवू लागतात.

आता ज्या भगिनींना आम्ही आरंभी थांबविले होते त्यांच्याकडे वळतो. घरात पुरणपोळी ''हिच्याच हातची'' म्हणून एकीच्याच माथी वर्षानुवर्षे बसते, तेव्हा ते कौतुक असते हे खरे. पण नऊशे सतरा चेंडूंचेही कौतुकच झाले होते! परप्रांतातल्या आपल्या मराठी मंडळांची कथा वेगळी नाही. गणेशोत्सवाची वर्गणी, नाटकाची तालीम, ग्रंथालयाच्या किल्ल्या, सगळे एकाच चिटणिसाकडे. ''तुमच्यावाचून होणार नाही'' असे आपण दरवर्षी टाळ्यांच्या गजरात म्हणतो, आणि एके दिवशी ते खरे ठरते. गृहस्थ अंथरुणाला खिळतात आणि ग्रंथालयाला कुलूप लागते. तरुण पुढे येत नाहीत, ही तक्रार आम्ही प्रत्येक सभेत ऐकतो. त्यांना रंगात आलेल्या डावात चेंडू कधी दिला होता, हे मात्र कोणी विचारीत नाही. यादीतील शेवटची पाच नावे आपण तेथेही यादी पुरी करण्यासाठीच लिहितो.

असो. त्या दिवशी आम्ही यादीवर सही केली नाही. दोन दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा सोळा नावांपुढे सोळा कामे लिहिली होती आणि गोलंदाज पाच झाले होते. स्पर्धेचा निकाल सांगणे क्रमप्राप्त आहे: आमची शाळा दुसऱ्याच सामन्यात हरली. क्रीडाशिक्षक दोन दिवस आमच्याशी मोजकेच बोलले. हिरा म्हणविला जाणारा मुलगा मात्र सोमवारी प्रार्थनेच्या वेळी रांगेत ताठ उभा होता. आणि यादी पुरी करण्यासाठी ज्याचे नाव लिहिले होते त्या मुलाने दोन गडी बाद केल्याची बातमी सातवीच्या वर्गात अजून सांगितली जात आहे. वहीत त्या दिवसापुरते पाच नावांपुढे पाच आकडे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा चोवीस आहे.